बांबूने वेढलेलं गाव

दिल्लीच्या द्वारकेत आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीतले निम्मे फ्लॅट रिकामे होते. मागच्या भिंतीपलीकडे सरसोंची शेतं होती, त्यातून सकाळी नीलगायी चालत जायच्या, आणि विमानं इतकी खालून उतरायची की कपातल्या चहावर तरंग उठायचे. धुकं पडलं की विमान दिसायचं नाही, नुसता आवाज डोक्यावरून सरकत जायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात आमच्या समोरच्या दारावर साळुंके अशी पाटी लागली. मराठी पाटी बघून मला कोण आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला गेले तर दार उघडंच होतं. बाल्कनीतल्या उन्हात पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई खुर्चीत बसल्या होत्या. डोळे मिटलेले, आणि झाकणाची एक छोटी बांबूची टोपली उघडून नाकाशी धरलेली. मी खाकरले. त्यांनी डोळे उघडले आणि जराही न ओशाळता म्हणाल्या, "या ना. जरा गावाला गेले होते."

"कुठलं गाव तुमचं?"

"माझं नाही हो. थायलंडमधलं आहे. अजून पाहिलेलं नाही मी." मग टोपलीचं झाकण लावत म्हणाल्या, "पण वाट माहीत आहे."

त्या कुमुदिनीताई. त्यांची ही हकिगत काही त्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने ऐकलेली, काही माझ्या डोळ्यांदेखत घडलेली.

कुमुदिनीताईंचा जन्म पहाडगंजचा. वडील हणमंतराव उंब्रजकडचे, बुरूड समाजातले. बांबू फोडायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, त्या विणून टोपल्या, सुपं, रोवळ्या करायच्या, हा घराण्याचा व्यवसाय. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी कुणाच्या तरी ओळखीने ते दिल्लीला आले आणि एका मंत्रालयात दफ्तरी म्हणून लागले. दिवसभर फायली बांधायच्या, फडताळात लावायच्या, पुन्हा काढायच्या. राहायला स्टेशनजवळच्या गल्लीत एक खोली. इंजिनांच्या शिट्या उशाशी वाजल्यासारख्या ऐकू येत.

पहिली काही वर्षं रविवारी हणमंतराव कुठूनतरी हिरवा बांबू पैदा करत आणि ओळखीच्या मराठी घरांसाठी सुपं विणत. लहानगी कुमुदिनी समोर उकिडवी बसून बघायची. कोयता बांबूत शिरतानाचा कर्र आवाज, मग सरळ खाली उतरत जाणारी चीर, ओल्या बांबूचा किंचित आंबूस वास. कामट्या इतक्या भरभर एकीखालून एकीत शिरायच्या की तिला वाटायचं, वडील बांबू नाही, पाणी विणताहेत.

एकदा गल्लीतल्या एका मैत्रिणीकडे गणपतीला गेलेली असताना मैत्रिणीच्या आईने विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?" नऊ वर्षांची कुमुदिनी ऐटीत म्हणाली, "सुपं विणतात. फार सुंदर." ऑफिसचं तिच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मैत्रीण खेळायला यायची बंद झाली.

आईने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, रडली नाही. तिने कोयता जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. "इथे आपण नोकरदार माणसं," ती नवऱ्याला म्हणाली. "ते आता बास." हणमंतरावांनी मान हलवली. त्यानंतर त्या घरात बांबू आला नाही. पण संध्याकाळी रेडिओ ऐकताना त्यांची बोटं मांडीवर हलत राहायची. एक वर, एक खाली, मग एक ओढून घट्ट. समोर काही नसायचं. कुमुदिनी शेजारी बसून ती न दिसणारी टोपली पूर्ण होईपर्यंत बघत राहायची.

पुढे ती टायपिंग, शॉर्टहँड शिकली, नोकरीला लागली. पद्माकर साळुंके यांच्याशी लग्न झालं. तेही बुरूड समाजातलेच, सोलापूरकडचे, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात. लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर मिळालं. आजूबाजूला बंगाली, तमिळ, गढवाली, मराठी, सगळे फाइलींच्या दुनियेतले. पद्माकररावांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वीच्या व्यवसायाचा विषय निघत नसे. लपवायचा म्हणून नव्हे, पण जुन्या सायकलीसारखा तो मागच्या बाजूला ठेवून दिलेला होता.

त्यांना एक मुलगी, मयुरा. ती दिल्लीत वाढली. एकदा कुमुदिनीताई तिला म्हणाल्या, "तांदूळ सुपात घे." मुलगी गोंधळली. "मम्मी, चावल सूप में? टोमॅटोच्या?" घरात सगळे हसले. कुमुदिनीताईही हसल्या. पण रात्रीच्या भाताला तांदूळ धुताना त्यांच्या लक्षात आलं, की ही हसायची गोष्ट नव्हती. सूप दाखवायला घरात सूपच नव्हतं.

मग बाजार उघडला. दिल्लीत नव्या नव्या कंपन्या आल्या, नव्या पाट्या लागल्या. बाराखंबा रोडवर इंद्रजित नावाच्या एका पंजाबी गृहस्थाने आयातीचं ऑफिस थाटलं. बँकॉकहून कापडी ऑर्किडची फुलं, सुगंधी साबण, पाठ खाजवायच्या लाकडी काठ्या असलं काहीबाही तो आणायचा. त्याला इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारं माणूस हवं होतं. कुमुदिनीताई तिथे लागल्या.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात प्रगती मैदानावरच्या जत्रेत इंद्रजितने थाई वस्तूंचा स्टॉल घेतला. बँकॉकच्या व्यापाऱ्याने फुलांच्या खोक्यांबरोबर खेड्यातल्या बायकांच्या एका गटालाही जागा देऊ केली होती. त्या गटाकडून एक विणकरीण आली होती, बुन्मा. पन्नाशीची, ठेंगणी, गालाची हाडं वर आलेली. दिल्लीच्या थंडीत एकावर एक दोन स्वेटर घालून ती स्टॉलच्या मागच्या कोपऱ्यात चटईवर बसायची आणि टोपल्या विणायची. तिच्याबरोबर आलेली, इंग्रजी जाणणारी बाई दुसऱ्याच दिवशी आजारी पडून हॉटेलात झोपली. त्यामुळे बुन्माशी बोलायला कुणीच उरलं नाही. इंद्रजित कुमुदिनीताईंना म्हणाला, "मॅडम, आप जरा इन्हें देख लेना."

त्या बघायला बसल्या आणि बघतच राहिल्या.

बाहेर लोंढेच्या लोंढे चालले होते. लाउडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं पुकारली जात होती, भाजलेल्या शेंगांचा धूर येत होता. पुढच्या टेबलावर कापडी फुलं हातोहात जात होती. आणि मागच्या कोपऱ्यात, चटईच्या चौकोनात, कामट्या एकीखालून एकीत शिरत होत्या. कुमुदिनीताई मला सांगायच्या, "प्रभा, तिथे आवाजच नव्हता. म्हणजे असेल, पण मला ऐकू येत नव्हता. मी फ्रॉकमध्ये बसले होते, पहाडगंजला."

बुन्माने मान वर केली. तिने एक कामटी पुढे केली. कुमुदिनीताईंनी ती घेतली. त्यांनी आयुष्यात कधी विणलं नव्हतं, फक्त पाहिलं होतं. तरी बोटांनी ती कामटी दोन्ही बाजूंनी चाचपली, पाठ कुठली आणि पोट कुठलं ते ओळखलं आणि ती बरोबर बाजूने आत सारली. बुन्माने आपलं विणणं खाली ठेवलं. मग तिने कुमुदिनीताईंचा हात आपल्या हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "पापा?"

"पापा," कुमुदिनीताई म्हणाल्या.

त्या दहा-बारा दिवसांत दोघी मिळून वीसेक शब्दांवर बोलल्या. बुन्मा त्यांना 'नोंग' म्हणायची, म्हणजे धाकटं भावंड. तिला 'पी बुन्मा' म्हणायचं, म्हणजे थोरली, हे त्या शिकल्या. प्रत्येक टोपलीच्या बुडाशी कापडाची एक इवलीशी पट्टी शिवलेली होती, वर थाई अक्षरं. आजारी पडण्याआधी त्या दुभाषी बाईने सांगितलं होतं, हे विणणारीचं नाव, आणि हे गावाचं. बान फाय लोम. बान म्हणजे गाव, फाय म्हणजे बांबू, लोम म्हणजे वेढलेलं. बांबूने वेढलेलं गाव. कुमुदिनीताई त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिल्या. वडिलांनी जन्मात शेकडो सुपं विणली असतील. एकावरही त्यांचं नाव नव्हतं.

टोपल्या मात्र खपल्या नाहीत. शेवटच्या दिवशी इंद्रजितने हात झटकले. "मॅडम, बांस की टोकरी कौन लेगा? इंडिया में बांस कम है क्या? यहीं छोड़ दो."

"मी विकत नेते," कुमुदिनीताई म्हणाल्या, आणि मग तेच हिंदीत.

चाळीसेक टोपल्या दोन ऑटोंत घालून लक्ष्मीबाई नगरला आल्या. पद्माकरराव हिरवळीवर पेपर वाचत होते. शेजारचे दोघेतिघे ऊन खात बसले होते. पद्माकररावांनी चष्मा काढला. मग ते उठून त्यांच्यामागून घरात आले.

"हे काय आणलंस?"

"बघ ना, कसं काम आहे."

"काम माहीत आहे मला." त्यांचा आवाज खाली गेला. "तुझ्या वडिलांनी सोडलं, माझ्या आजोबांनी सोडलं. तू पैसे देऊन परत घरात आणलंस? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, थायलंडचं आहे."

"आणि तू काय म्हणशील?"

टोपल्या दिवाणाखाली गेल्या. पण घराला त्यांचा वास लागला. धुरकट, गोडसर, पेंढा आणि पावसाळ्यासारखा. सकाळी दूध तापवताना, कपडे घड्या करताना तो वास यायचा आणि कुमुदिनीताईंपुढे एक रस्ता उघडायचा. तांबड्या मातीचा, दोन्ही बाजूंनी बांबू, वर जाऊन एकमेकांत गुंतलेले. रस्त्याच्या टोकाला बुन्मा बसलेली. त्या काही पावलं चालायच्या, तेवढ्यात दूध उतू जायचं.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. कॉलनीतल्या आणि सरोजिनी नगरच्या मिळून पस्तीस-चाळीस मराठी बायका. वाण म्हणून त्यांनी प्रत्येकीला एकेक टोपली दिली, आत तिळगूळ घालून. नुसता गलका झाला. "अय्या, थायलंडची? केवढी नाजूक! झाकण बघ कसं बसतंय!" जी ती विचारायला लागली, आणखी मिळतील का, बहिणीला पाठवायची आहे, साहेबांच्या मिसेसला द्यायची आहे.

त्या गर्दीत अहिल्याबाई होत्या, एका उपसचिवांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी टोपली डोळ्यांजवळ नेली, बुडाशी बोट फिरवलं आणि खणखणीत म्हणाल्या, "थायलंड कसलं गं? ही तर आपली करंडी. बुरडाची. आमच्या गावात शिरपा बुरूड करायचा अस्सल अश्शी. दारात उभा राहायचा बिचारा, आत नाही यायचा."

त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. त्या फक्त आठवत होत्या. पद्माकरराव स्वयंपाकघराच्या दारात सरबताचा ट्रे घेऊन उभे होते.

"आजी," कुमुदिनीताई म्हणाल्या, "मी बुरडाचीच मुलगी आहे."

अहिल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात ओढून जवळ बसवून घेतलं. "मग ही परदेशातली कशाला देतेस? तुझ्या हातची दे की."

"मला येत नाही, आजी."

हे बोलताना आपल्याला रडू फुटलं, असं कुमुदिनीताईंनी मला सांगितलं. बुरडाची मुलगी म्हणवून घेताना लाज वाटली नव्हती. विणता येत नाही, हे सांगताना वाटली.

सगळ्या गेल्यावर पद्माकरराव म्हणाले, "आता अख्ख्या कॉलनीला कळलं."

"हो."

"तुला काय वाटतंय?"

"हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी दिवाणाखाली उरलेल्या तीन टोपल्या त्यांनी स्वतःच काढून खिडकीत ठेवल्या. म्हणाले, "खाली दमट आहे. बुरशी येईल."

त्यानंतर कुमुदिनीताईंनी इंद्रजितला गाठून आणखी टोपल्या मागवल्या. यावेळी प्रत्येक टोपलीबरोबर त्यांनी एक चिठ्ठी जोडली. विणणारीचं नाव काय, गाव कुठलं, आणि ही टोपली तिच्या घरी कशाला वापरतात. शिजवलेला चिकट भात असल्या टोपलीत भरून, दोरीने खांद्याला अडकवून लोक शेतावर जातात. असं काही वाचलं की दिल्लीची माणसं थबकायची. द्वारकेत, गुडगावात नवे फ्लॅट भरत होते, कोऱ्या भिंती, कोरी कपाटं, सगळं एकाच दुकानातून आणल्यासारखं. त्यांत कुणाच्या तरी हाताचा माग असलेली एखादी वस्तू लोकांना हवी असायची, हे त्यांना उमगलं होतं. सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये, शाळांच्या मेळाव्यांत त्या एक टेबल मांडून बसायच्या. विकायची घाई त्यांना नसायची. एखादी बाई टोपली हातात घेऊन नुसती उभी राहिली, की त्या तिला तिथे जितका वेळ लागेल तेवढा वेळ उभं राहू द्यायच्या.

पुढे त्या द्वारकेत राहायला आल्या, तेव्हा त्या बाल्कनीत मी त्यांना आणखी एक गोष्ट करताना पाहिलं. त्यांनी बुन्माची एक टोपली सोडवली. कामटी न् कामटी, काठापासून बुडापर्यंत, पाण्यात भिजवून, जपून. मग ती पुन्हा विणायला घेतली. चुकली, पुन्हा सोडवली. अख्खा हिवाळा हेच. धुक्यातून ऊन झिरपायचं, विमानं यायची जायची, आणि त्या मान खाली घालून बसलेल्या. फेब्रुवारीत टोपली उभी राहिली. एका बाजूला कललेली, झाकण न बसणारी. त्यांनी ती मला दाखवली तेव्हा मी हसू दाबलं. त्या मात्र मोकळ्या हसल्या. "चाळीस वर्षं उशिरा शिकतेय, बाई."

तोवर थायलंडच्या सरकारनेही खेड्यांमधल्या वस्तू जगापुढे मांडायची मोठी योजना काढली होती. दर गावगटाने आपली एक वस्तू निवडायची आणि ती पुढे आणायची. इंद्रजितला यात व्यापार दिसला. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात त्याच्या गोदामात मोठमोठी खोकी आली. कुमुदिनीताईंनी एक उघडलं. आत टोपल्या होत्या, सगळ्या एकसारख्या, चकचकीत, रसायनाचा वास मारणाऱ्या. कुठल्याशा कारखान्यात साच्यावर दाबून केलेल्या. प्रत्येकीच्या बुडाशी कापडी पट्टी होती. बुन्मा. बान फाय लोम.

"यह उसने नहीं बनाया," त्या म्हणाल्या.

"अरे मॅडम, नाम ही तो है. वहाँ पूछने कौन जाएगा?"

"मैं जाऊँगी."

इंद्रजित हसला. त्याला वाटलं, या गंमत करताहेत. कुमुदिनीताईंनी टेबलावरची कात्री घेतली, जमिनीवर बसल्या आणि पट्ट्या कापायला लागल्या. एक खोकं संपलं, दुसरं घेतलं. इंद्रजित आधी समजावत होता, मग ओरडायला लागला, मग फोन आला म्हणून बाहेर गेला. तो परत आला तेव्हा त्यांच्या मांडीवर कापडी नावांचा ढीग झाला होता. ती नावं पर्समध्ये भरून त्या घरी आल्या. नोकरी तिथेच संपली.

घरी आल्यावर पद्माकररावांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ते चिडतील. ते म्हणाले, "मला एलटीसीचा प्रवासखर्च परदेशाला मिळत नाही. नाहीतर आधीच गेलो असतो." मग जरा वेळाने, "पासपोर्टला किती दिवस लागतात?"

पुढच्या फेब्रुवारीत दोघं गेले. बँकॉकहून दिवसभराचा बसचा प्रवास, मग एका छोट्या गाडीतून आत. कुमुदिनीताई तो रस्ता इतक्या वेळा मनात चालल्या होत्या की खरा रस्ता दिसल्यावर त्या घाबरल्या. तो तसा नव्हता. माती तांबडीच होती, पण बांबू गावाच्या एकाच अंगाला उरले होते. बाकीकडे उसाचे फड आणि पत्र्याची छपरं. मात्र शेवटच्या वळणावर गाडी बांबूंच्या बेटातून गेली तेव्हा उजेड हिरवा झाला, पाण्याखालून दिसावा तसा. पद्माकररावांचा पांढरा शर्टही हिरवा झाला. कुमुदिनीताई म्हणाल्या, "तेवढंच पुरे होतं मला. तेवढा एक तुकडा जसाच्या तसा होता."

बुन्माचं घर खांबांवर उभं होतं, आणि घराखालच्या सावलीत चटया पसरून बायका विणत होत्या. बुन्मा उठून आली. तिचे डोळे अधू झाले होते, तिने कुमुदिनीताईंना चेहऱ्याने नाही, हाताने ओळखलं. तिकडे चुलीवर पेंढ्याचा धूर करून त्यावर नव्या टोपल्या टांगल्या होत्या, कीड लागू नये म्हणून. तोच तो वास. सहा वर्षं कुमुदिनीताई समजत होत्या की हा बांबूचा वास. तो होता या बायकांच्या चुलीच्या धुराचा.

त्यांनी पर्स उघडून कापलेल्या पट्ट्या बुन्मापुढे ठेवल्या आणि जे झालं ते सांगितलं. बुन्माची मुलगी मली तेव्हा सुटीवर घरी होती. बँकॉकजवळ मोज्यांच्या कारखान्यात कामाला, मोडकंतोडकं इंग्रजी येणारी. ती दुभाषी झाली. बुन्माने पट्ट्या चिमटीत धरून पाहिल्या आणि शांतपणे म्हणाली, छापलंय मात्र चांगलं. सगळ्या बायका हसल्या. मग तिने त्या एका डब्यात भरून ठेवल्या. पट्ट्या पट्ट्याच होत्या, पुन्हा वापरता आल्या असत्या.

मलीने नंतर हळूच विचारलं, "दिल्लीत लोक हसत नाहीत? मी कारखान्यात कुणाला सांगत नाही, माझी आई टोपल्या विणते."

कुमुदिनीताईंनी तिला आपल्या वडिलांबद्दल सांगितलं. गणपतीची गोष्ट, माळ्यावरचा कोयता, रेडिओ. तुटक्या इंग्रजीत बराच वेळ लागला. मली ऐकत राहिली. शेवटी बुन्माने विचारलं, काय बोलताय? मलीने एवढ्या लांब गोष्टीचं एकच वाक्य करून आईला सांगितलं. बुन्मा उठली, आतून चिकट भाताची टोपली आणली, एक घास चिमटीत वळून कुमुदिनीताईंच्या हातावर ठेवला. ते वाक्य काय होतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

पद्माकरराव तोवर एका म्हाताऱ्याजवळ उभे होते. तो बांबू फोडत होता. ते खूप वेळ बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "आमचे आजोबा कोयता उलटा धरायचे." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. आजोबांच्या हातातल्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

तिथून पुढे माल थेट त्या गटाकडून यायला लागला. वर्षाला एखादं खोकं, कधी दोन, कधी कागदपत्रांत अडकून एकही नाही. मोठं काही झालं नाही. पण बारा बायकांच्या नावाच्या टोपल्या द्वारका, नोएडा, गुडगावच्या घरांत गेल्या आणि तिथे त्या बायकांची नावं लोक वाचू लागले. पद्माकरराव निवृत्त झाल्यावर चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांनी घेतलं. प्रत्येक नाव आधी देवनागरीत, मग इंग्रजीत, सरकारी टिपण लिहावं तसं काटेकोर. मयुरा पुण्याला नोकरीला लागली. तिच्या घरी एका टोपलीत लसूण असतो, आणि विचारलं तर ती सांगते, ही बुन्मामावशीची.

एकदा गुडगावच्या एका कंपनीने दिवाळीच्या भेटींसाठी तीनशे टोपल्या मागितल्या. कुमुदिनीताई म्हणाल्या, ऐंशी मिळतील. फोनवरचा साहेब वैतागला. "मॅडम, आप बिझनेस करना चाहती हैं या नहीं?"

"वहाँ अभी धान की रोपाई चल रही है," त्या म्हणाल्या. "औरतें खेत में हैं."

मग तो साहेब म्हणाला, त्याचं गावही बिहारात आहे. ऐंशीच घेतल्या.

कुमुदिनीताईंना विणणं अखेर जमलं, पण बेताचंच. झाकण बसतं, डौल येत नाही. त्यांनी स्वतःची टोपली कधी विकली नाही. आमच्या सोसायटीतल्या दोघीतिघींना मात्र शिकवलं. मीही त्यांत होते, आणि माझी तर उभीसुद्धा राहिली नाही.

मलीने आईला मोबाइल घेऊन दिला तेव्हापासून रविवारी सकाळी बुन्माचा फोन येऊ लागला. मली घरी नसली तर दुभाषी कुणी नाही. वीस शब्द पटकन संपतात. "नोंग, जेवलीस?" "पी, जेवले." मग दोघी हसतात, आणि फोन कुणीच ठेवत नाही. कुमुदिनीताई तो स्पीकरवर टाकतात, शेजारी ठेवतात आणि भाजी निवडायला घेतात. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येतो, कुणीतरी अंगण झाडतं, लांबवर एक मोटरसायकल जाते. कधी पाऊस पडत असतो. एका रविवारी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. फोनमधून वारा येत होता. बराच वेळ. मला काहीच कळेना.

"बांबूच्या बेटातून येतोय," त्या हळूच म्हणाल्या. "आज ती बाहेर जाऊन बसलीय वाटतं."

आम्ही दोघी चहा निवत ठेवून ऐकत राहिलो.